तीन कुलुपांची खोली

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, धरणाच्या पाण्यातून प्रेतं बाहेर काढली. तरी कोणी विचारलं की साहेब, सगळ्यात अवघड केस कोणती, तर माझ्या डोळ्यांसमोर यातलं काहीच येत नाही. एका कॉलेजच्या व्हरांड्याच्या टोकाची खोली येते. तिच्या दाराला लटकलेली तीन कुलुपं येतात, आणि डोकं पुन्हा त्या वेळेसारखंच भंजाळतं.

शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. उन्हाळा लागलेला, शेतांत भाताच्या रोपांसाठी राब भाजायचं काम चाललेलं, सगळीकडे धूर. सकाळची हजेरी घेऊन मी ड्युट्या वाटत होतो, तेवढ्यात ठाण्याच्या आवारात एकामागून एक तीन गाड्या येऊन थांबल्या. आपल्याकडे एवढ्या गाड्या एकदम आल्या की एक तर पुढारी असतो, नाही तर मयत.

पहिल्या गाडीतून कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष उतरले. घराणं तालुक्यातलं जुनं, कॉलेजची जागा त्यांच्याच वडिलांनी दिलेली. दुसऱ्या गाडीतून प्राचार्य, तिसऱ्यातून प्राध्यापकांचे प्रतिनिधी म्हणून एक ज्येष्ठ प्राध्यापक. तिघेही एकमेकांकडे न बघता आत आले आणि तिघांनीही माझ्या टेबलावर आपापला तक्रार अर्ज ठेवला. तिन्ही अर्जांत चोरी एकच होती. कॉलेजच्या संग्रहालयाच्या खोलीतून बोहाड्याचे मुखवटे नाहीसे झाले होते. आरोपी मात्र वेगवेगळे. अध्यक्षांच्या मते प्राचार्य आणि प्राध्यापक सामील होते. प्राचार्यांच्या मते अध्यक्ष आणि प्राध्यापक. प्राध्यापकांच्या मते अध्यक्ष आणि प्राचार्य. प्रत्येकाने उरलेल्या दोघांवर बोट ठेवलेलं.

"साहेब, फिर्यादी कोण घ्यायचा?" माझ्या ठाणे अंमलदाराने हळूच विचारलं. मी तिन्ही अर्ज पुन्हा वाचायला घेतले.

ज्यांना बोहाडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांत होळीनंतर देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं नाचवतात, तो बोहाडा. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मोठमोठे मुखवटे असतात. प्रत्येक सोंग एकेका घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. उंबरमाळीच्या वरच्या अंगाला अशाच एका गावातले हे मुखवटे. जुनी घरं पाडून स्लॅबची घरं झाली, मुखवटे ठेवायला माळे उरले नाहीत, उंदरांनी कुरतडायला सुरुवात केली. त्या गावची एक मुलगी शिकून याच कॉलेजात मराठी शिकवायला लागली होती, तासिकेवर. म्हणजे पक्की नोकरी नाही, दर वर्षी नव्याने नेमणूक. तिने गावाला पटवलं की मुखवटे कॉलेजात ठेवू, नीट राहतील, मुलांना अभ्यासाला होतील, बोहाड्याला घेऊन जायचे आणि परत आणून ठेवायचे. गावाने मान डोलावली.

मुखवटे आले आणि कॉलेजात भांडण लागलं. इमारत आमची म्हणून ताबा आमचा, असं संस्थेचं म्हणणं. कारभार आमचा म्हणून ताबा आमचा, असं प्राचार्यांचं. अभ्यास आमचा म्हणून ताबा आमचा, असं प्राध्यापकांचं. शेवटी कॉलेजच्या विकास समितीची बैठक झाली. संस्थेची माणसं, प्राचार्य आणि प्राध्यापक यांनी एकत्र बसून निर्णय घ्यायचे, यासाठीच ही समिती असते. तिथे बरीच खडाजंगी होऊन असं ठरलं की तिघांनी आपापलं एक कुलूप लावायचं, किल्ली आपल्याजवळ ठेवायची, आणि तिघे हजर असले तरच खोली उघडायची. कोणाचाच कोणावर विश्वास नाही, एवढीच गोष्ट त्या बैठकीत एकमताने ठरली असं मला वाटतं.

इकडे ठाण्यात शेवटी, खोली रिकामी असल्याचं खिडकीतून सगळ्यात आधी प्राचार्यांना दिसलं होतं म्हणून त्यांना फिर्यादी केलं, बाकी दोघांचे जबाब घेतले आणि गुन्हा दाखल केला. बाकी दोघे यावर रुसले. मग पंच घेऊन आम्ही कॉलेजवर गेलो.

दाराला तिन्ही कुलुपं जिथल्या तिथे, बंद. कडी-कोयंडा धड. खिडकीचे गज धड. वर स्लॅब. मी प्रत्येकाला आपापलं कुलूप उघडायला सांगितलं. प्राचार्यांचं उघडलं, प्राध्यापकांचं उघडलं. अध्यक्षांची किल्ली मात्र आत शिरेना. किल्लीच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. माती दगडासारखी घट्ट. हवालदाराने तारेने कोरून कोरून ती काढली तेव्हा कुठे ते उघडलं. पंचनाम्यात मी हे लिहून घेतलं, पण त्यात काही असेल असं तेव्हा डोक्यात आलं नाही. माझं सगळं लक्ष आत होतं. मांडण्या रिकाम्या होत्या. धुळीत मुखवट्यांच्या बुडांचे गोल उमटलेले, बाकी काही नाही.

तीन कुलुपं, तीन किल्ल्या, तिघे एकमेकांचे वैरी, आणि माल गायब. मी आणि हवालदार व्हरांड्यात उभे राहिलो. तो म्हणाला, "सायेब, हे भुताचं काम हाय." पंधरा वर्षं नोकरी केलेला माणूस, आणि गंमत करतोय की खरंच म्हणतोय तेही मला कळेना.

दुसऱ्या दिवशी नवल घडलं. ते तिघे एकत्र आले, एकाच गाडीतून. चहा घेतला. मग अध्यक्ष म्हणाले, "साहेब, आमचं एकमत झालंय. ते त्या तासिकेवरच्या बाईचं काम आहे."

"पुरावा?"

"मुखवटे तिच्या गावचे. ती इथलीच. तिच्याशिवाय कोणाला त्यात रस?" प्राचार्य म्हणाले.

"आणि तिचा बाप तर रावणाचं सोंग घेतो," ज्येष्ठ प्राध्यापकांनी भर घातली. हा जणू कबुलीजबाबच होता.

"ठीक आहे. पण तिने तीन कुलुपं उघडली कशी?"

प्राचार्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. मग अध्यक्ष म्हणाले, "ते शोधायचं काम तुमचं. तुम्ही तिला अटक करा, म्हणजे ती बोलेल. तिच्या नेमणुकीचं आम्ही बघतो."

मला राग आला. इतके दिवस एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं ज्या एका गोष्टीवर एक झाली, ती गोष्ट म्हणजे कॉलेजातली सगळ्यात कमी ताकदीची व्यक्ती. अटक करायची की नाही ते मी बघेन, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं.

तिला चौकशीला बोलावलं, सोबत महिला अंमलदार बसवली. सावळी, बारीक अंगाची, साधी सुती साडी. घाबरली होती, पण बोलणं सरळ.

"गावाला बोहाड्यासाठी मुखवटे हवे होते," ती म्हणाली. "बाबांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला परवानगी देता येत नाही, माझा तो अधिकारच नाही. कोणाला विचारायचं तेवढं सांगितलं. अध्यक्ष, प्राचार्य आणि आमच्या विभागाचे सर. तिघांना विचारा म्हटलं."

"मग त्यांनी विचारलं?"

"विचारलं असेल. मी तेव्हा परीक्षेच्या ड्युटीवर मुरबाडला होते. आल्यावर बघते तर हे असं." मग ती म्हणाली, "सर, माझी नेमणूक जाईल का?"

चोरीच्या संशयितांनी मला आजवर बरेच प्रश्न विचारले. सुटेन का, मारणार का, घरी कळवलं का. हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकला. गावातली ती पहिली पदवीधर, पहिली कॉलेजात शिकवणारी. धाकटी भावंडं तिच्याकडे बघून शाळेत टिकलेली. मी म्हटलं, "ते माझ्या हातात नाही." खरं तेच होतं, पण म्हणताना मला बरं वाटलं नाही.

खबर त्याच दिवशी दुपारी आली. आसनगाव स्टेशनबाहेर सहा आसनी रिक्षा चालवणारा एकजण आमचा जुना खबरी. त्याने फोन केला, "सायेब, तुमचा चोरीचा माल डोंगरावं वाळतोय."

"वाळतोय म्हणजे?"

"रंग देऊन उनात घातलाय. आख्खा गाव बसलाय भवती. टाइम हाय तर आत्ताच जावा, रावनाच्या मिशा रंगवायचं चाललंय."

चोरीचा माल लपवतात, विकतात, जाळतात. तो अंगणात उन्हाला घातलेला मी कधी पाहिला नव्हता. जीप जिथवर जाते तिथवर नेली, पुढे पायी चढलो. गावात शिरलो तर खबर शब्दशः खरी. देवळापुढच्या मोकळ्या जागेत मुखवटे ओळीने मांडलेले, लाल, निळे, पिवळे. माणसं ब्रश घेऊन बसलेली. आम्हाला बघून कोणी पळालं नाही. उलट एकाने खाट टाकली, एकीने पाणी आणलं.

त्या मुलीचे वडील पुढे आले. उन्हाने रापलेला, धिप्पाड माणूस, हाताला काळा रंग. रावणाचं सोंग शोभेल असाच.

"हे मुखवटे कॉलेजातून चोरले म्हणून गुन्हा दाखल आहे," मी म्हटलं.

त्यांना खरंच कळेना. "चोरी कसली सायेब? आमचींच सोंगां. आमी इचारून आनलीं."

"कोणाला विचारून?"

"आमी गावचे पाचजन गेलतो. पयले अदयक्षांकडं. ते बोलले, माझी काय हरकत नाय, प्राचार्यांना इचारा. मंग प्राचार्यांकडं. ते बोलले, प्राध्यापकांचा काय म्हनना हाय ता बघतो. मंग त्या मोठ्या सरांकडं. ते बोलले, आमी कोन सांगनारे, मालक ते."

"मग हो कोण म्हणालं?"

"हो?" ते माझ्याकडे बघत राहिले. "नाय कोनीच बोलला नाय ना सायेब. आमच्याकडं गाव बसला, इचारला, आन् कोनी नाय बोलला नाय, का झालाच. हो बोलायचा वेगळा ऱ्हात नाय."

मी डोकं धरून त्या खाटेवर बसलो. गावाच्या रीतीने परवानगी मिळालेली होती. कॉलेजच्या रीतीने, हो म्हणून कोणी सही करेपर्यंत ती नाहीच. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम, आणि मधे मी. चोरी व्हायला अप्रामाणिक हेतू लागतो. इथे तर मुखवट्यांचा रंग उडाला म्हणून पोरांनी बाजारातून रंग आणलेला, आणि बोहाडा झाला की परत नेऊन ठेवायचं ठरलेलं.

"पण कुलुपं?" मला एकदम आठवलं. "तीन कुलुपं होती दाराला."

"व्हती ना. लटाकलेलीं. आमी काढून ठेवलीं, सोंगां घेतलीं, परत अडाकवलीं. दार बंद असलेला बरा." मग जरा दुखावल्यासारखं म्हणाले, "कुलूप फोडायाला आमी काय चोर हाव?"

ते खोटं बोलत नव्हते हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. पण मी पोचलो तेव्हा तिन्ही कुलुपं बंद होती, हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मुखवट्यांचा पंचनामा करून ते तिथेच गावकऱ्यांच्या ताब्यात सुपूर्दनाम्यावर दिले आणि खाली उतरलो. उतरताना माझं डोकं चढतानापेक्षा जास्त गोंधळलेलं होतं.

ठाण्यात आलो तर हवालदार मुद्देमालाच्या खोलीचं कुलूप उघडत होता. किल्ली अडली म्हणून फुंकर मारत होता. ते बघताना मला कुंभारमाशी आठवली. अध्यक्षांच्या कुलपातली ती माती दगडासारखी झालेली, म्हणजे जुनी. किल्ली त्या भोकात बरेच महिने गेलेली नव्हती. आणि कॉलेजच्या मूल्यांकनाला बाहेरची समिती आली होती ती थोड्याच दिवसांपूर्वी, त्या समितीला हीच खोली उघडून दाखवली होती. तारखेसकट फोटो व्हरांड्याच्या भिंतीवर लावलेला मी पंचनाम्याच्या दिवशी पाहिला होता. मग त्या दिवशी अध्यक्षांचं कुलूप उघडलं कसं?

तिघांना वेगवेगळं बोलावलं. आधी अध्यक्ष. मातीची गोष्ट काढली. बराच वेळ ते इकडचं तिकडचं बोलत राहिले, मग पाण्याचा ग्लास रिकामा करून म्हणाले, "साहेब, दर वेळी मी कुठे येत बसू? पहिल्या दिवसापासून नुसतं अडकवून ठेवलं होतं, दाबलंच नव्हतं. बाकीची दोन होती ना!"

प्राचार्यांच्या कुलपात कुंभारमाशी नव्हती, पण अध्यक्षांनी सांगितलंय म्हटल्यावर तेही ढिले पडले. दर वेळी किल्ली शोधत बसायचा त्यांना कंटाळा. "नुसतं अडकवायचो. बाकीची दोन होती ना!" ज्येष्ठ प्राध्यापकांनी किल्लीच कुठल्या तरी कपाटात टाकलेली, पंचनाम्याच्या दिवशी शोधून आणली होती. वाक्य तेच. बाकीची दोन होती ना.

आता सगळा उलगडा झाला. खोलीला तीन कुलुपं होती आणि खोली वर्षभर उघडीच होती. मुखवटे गेल्याचं कळल्यावर प्राचार्यांनी आपला हलगर्जीपणा झाकायला जाऊन आपलं कुलूप गुपचूप दाबलं. अध्यक्षांनी येऊन आपलं दाबलं. प्राध्यापकांनी आपलं. प्रत्येकाला ठाऊक होतं की आपलं उघडं होतं. म्हणजे चोराला बाकीच्या दोन किल्ल्या लागल्या असणार, म्हणजे ते दोघे सामील! तीन तक्रार अर्ज आले ते असे. खोटं कोणीच लिहिलं नव्हतं, फक्त प्रत्येकाने स्वतःचं कुलूप सोडून लिहिलं होतं.

मी तिघांना समोरासमोर बसवलं आणि गावाला परवानगी दिली होती की नाही, एवढं सरळ विचारलं. अध्यक्ष म्हणाले, मी हरकत नाही म्हटलं, परवानगी देणं प्राचार्यांचं काम. प्राचार्य म्हणाले, मी बघतो म्हटलं, शिफारस प्राध्यापकांची लागते. प्राध्यापक म्हणाले, आम्हाला अधिकारच कुठला, सगळं संस्थेच्या हातात. मग मी विचारलं, तुम्ही नाही म्हटलं होतं का? तर तेही कोणी म्हटलेलं नव्हतं. शेवटी मला वाटायला लागलं की त्या कॉलेजात हो किंवा नाही म्हणणारं कोणीच राहत नाही.

गुन्हा मागे घ्यावा असं तिघांना वाटलं, तर तेही जमेना, कारण मागे घ्यायचं की नाही यासाठी समितीची बैठक लागेल. मी म्हटलं, गुन्हा मागे घेणं तुमच्या हातात नसतंच, तो त्रास मी वाचवतो. तपासाचा अहवाल कोर्टात पाठवला आणि ‘सी समरी’ मागितली. म्हणजे गुन्हा खराही नाही आणि खोटाही नाही, गैरसमजातून दाखल झालेला. आयुष्यात एखादा शेरा इतका चपखल बसलेला मी पाहिला नव्हता. बोहाडा झाला, मुखवटे परत आले, आणि त्यानंतर खोलीला एकच कुलूप लागलं. किल्ली कोणाकडे असते ते मी विचारलं नाही.

पुढे मी निवृत्त झालो. नंतरच्या बोहाड्याला गावाने मला बोलावलं. दिवसा उजेडीच गेलो. मुखवटे उन्हात होते आणि ती मुलगी शाळेच्या पोरांना सांगत होती, हा कोणाच्या घरचा, तो कोणाच्या घरचा. एका बारक्या पोराला मी गंमत म्हणून विचारलं, गणपतीचं सोंग खराब झालं तर कोणाला धरायचं? त्याने लगेच घर दाखवलं. सगळी सोंगं आख्ख्या गावाची, पण प्रत्येक सोंगाला एक माणूस होता. मिळून चालवणं हे गावालाही ठाऊक होतं आणि कॉलेजलाही. गाव अगदी शहाणं असंही मी म्हणणार नाही, कोणी नाही म्हटलं नाही की झालं, हीही रीत घोटाळ्याचीच. पण एवढं शिकलो, की चार जणांनी मिळून एखादं काम घेतलं की प्रत्येकाने ते आख्खं आपलं समजायचं. वाटा समजला की दाराचं कुलूप उघडं राहतं.

"कॉलेज कसं चाललंय?" मी तिला विचारलं.

"मी नाही आता तिथे. नवीन वर्षाची नेमणूक आलीच नाही." हातातला गणपतीचा मुखवटा तिने जपून चटईवर ठेवला. "कल्याणला क्लासमध्ये शिकवते. लोकलचा पास काढलाय. बरं चाललंय."

"पण तू निर्दोष होतीस. मी तसं लिहून दिलं होतं. कोणी काढलं तुला?"

ती हसली. "काढलं कोणीच नाही सर. मी तिघांना विचारलं. तिघांपैकी नाही असं कोणीच म्हटलं नाही."

मला ते सहन होईना. आता माझ्याकडे वर्दी नव्हती, तरी मी एकेकाच्या घरी गेलो. अध्यक्ष म्हणाले, मुलगी चांगली, माझी काही हरकत नव्हती, नेमणुका प्राचार्य बघतात. प्राचार्य म्हणाले, मला तर ती हवी होती, विभागाकडून शिफारसच आली नाही. ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, आमच्या शिफारशीला कोण विचारतं, संस्था ठरवते. तिघांनीही चहा दिला. तिघांनाही मनापासून वाईट वाटलेलं दिसलं.

पोलिसांकडे आणखी एक शेरा असतो, ‘ए समरी’. गुन्हा खरा आहे, पण आरोपी मिळून येत नाही, तेव्हा तो मागतात. मुखवट्यांची केस मी सोडवली. त्या मुलीची केस कुठल्याच ठाण्यात दाखल नाही, पण माझ्यापुरती ती याच शेऱ्यावर पडून आहे. आरोपी अजून मिळून आलेला नाही.